आम्ही दोघंच

प्रतापनं ‘नाही’ म्हटलं तेव्हा अर्चनाच्या हातात चहाची बशी होती. घरमालक अनंतरावांनी अगदी साध्या सुरात विचारलं होतं, ‘अन् मुलंबाळं?’ आणि तिचा नवरा, एकतीस वर्षांच्या संसारात खोटं बोलायचं म्हटलं की आधी दोनदा घसा खाकरणारा माणूस, या वेळी न खाकरता म्हणाला, ‘नाही. आम्ही दोघंच.’ तिला आधी वाटलं, त्यानं प्रश्नच नीट ऐकला नसेल. पण तो फरशीकडे पाहत होता, आणि प्रश्न न ऐकलेला माणूस फरशीकडे पाहत नाही. अनंतरावांच्या बायकोनं, शांताबाईंनी, तोंडानं ‘च्च’ असा आवाज केला. त्यात खोट काढायला जागा नव्हती, मनापासूनचाच होता तो. मग त्यांनी चकलीची बशी अर्चनाच्या पुढे सरकवली. ‘घ्या न, घरच्याच आहेत.’ अर्चनानं चकली घेतली आणि खाल्ली. एकोणतीस वर्षांची, आठव्या महिन्याकडे निघालेली आपली मुलगी आपल्यादेखत पुसून टाकली गेली आणि आपण चकली खाल्ली, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. त्या वेळी मात्र तिला एवढंच जाणवलं की चकली खुसखुशीत आहे आणि मोहन अंमळ जास्त झालंय.

चौबे कॉलोनीहून त्यांची समता कॉलोनी काही लांब नाही. दोघं पायीच निघाली. मार्चची दुपार कलली होती तरी डांबरातून ऊब वर येत होती. प्रताप म्हणाला, ‘घर चांगलं आहे. पाण्याचं सुख आहे.’ ती म्हणाली, ‘हव.’ औषधाच्या दुकानापर्यंत ती त्याच्या दोन पावलं मागे चालत राहिली. तिथं तो थांबला, काही घ्यायचं नव्हतं तरी थांबला, आणि म्हणाला, ‘गप्प काहून आहेस?’ ‘तुम्ही तसं काहून बोलले?’ तिनं विचारलं. त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये स्टोअर सांभाळता सांभाळता त्याच्या सगळ्या शर्टांच्या टोकांना एक करडा रंग कायमचा बसला होता. चष्मा पुसून आणखी धूसर व्हायचा. ‘थकलो गं मी, अर्चना,’ तो म्हणाला. ‘पुढचा प्रश्न ऐकाची ताकद नव्हती मले.’ तिला राग यायला हवा होता. तो आलाही, पण बसायला जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखा दारातच उभा राहिला, कारण पुढचा प्रश्न कोणता हे तिला पाठ होतं आणि तीही तितकीच थकली होती.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. भाड्याच्या घराबद्दल कुणी म्हण करून ठेवली नाही. म्हणी करणारे सगळे स्वतःच्या घरात राहत असावेत. दोन महिन्यांत त्यांनी अकरा घरं पाहिली होती. अकरा घरांत अकरा तऱ्हेची माणसं, पण प्रश्न एकाच माळेतले. कौन लोग हो? मराठी. अच्छा, महाराष्ट्र से? नहीं, यहीं के, रायपूर के. पण मूळचे? आता मूळचे कुठले म्हणून सांगावं! भोसल्यांच्या राज्यात कुणी पणजोबाचा पणजोबा कारकुनी करायला इकडे आला आणि राहिला. तो कुठून आला ते त्यानं लिहून ठेवलं नाही, बहुधा त्याला कुणी विचारलंच नसेल. मग खानापिना. मग घर में कितने लोग. हम दो, और बेटी डिलिव्हरी के लिए आएगी. अरे वा, शुभ है. दामाद क्या करते हैं? टीचर हैं, सरकारी, अंबिकापूर में. वा वा. नाम? अनूप. अनूप क्या? अनूप एक्का. इथे माळेचा दोरा तुटायचा. एका घरी बाई नुसतं ‘ओह’ म्हणाली. एका घरी मालकानं विचारलं, ‘एक्का मतलब, वो जशपूर साईड के? चर्च वाले?’ आणि मग समजूतदारपणे म्हणाला, ‘देखिए भाईसाहब, हमको कोई दिक्कत नहीं, पर ऊपरवाले किरायेदार जरा वैसे हैं.’ प्रत्येक घरात वर कुणीतरी जरा तसे राहत होते. जिथं वर गच्चीच होती, तिथं गावाकडची म्हातारी आई जरा तशी निघाली. अर्चनाला हळूहळू वाटू लागलं होतं की अख्ख्या रायपुरात वाईट माणूस एकही नाही, फक्त सगळ्यांच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी आहे.

आणि समता कॉलोनीतलं घर सोडायचं होतं म्हणून हे सगळं. खाली दवाखाना, वर चार बिऱ्हाडं. पंचवीस वर्षांपूर्वी म्हाताऱ्या डॉक्टरांनी घर देताना एकच प्रश्न विचारला होता, ‘टंकी भर जाए तो मोटर बंद करोगे न?’ प्रतापनं हो म्हटलं आणि पंचवीस वर्षं इमानानं मोटर बंद केली. समोर महापात्रांचं ओडिया घर, वर पापडाचा धंदा करणारं सिंधी कुटुंब, त्याच्या बाजूला रेल्वेतले राव. त्यांची मुलगी स्वरदा या जिन्यावर वाढली. संध्याकाळी ती कुणाकडे जेवली हे शोधायला अर्चनाला तिन्ही दारं वाजवावी लागत. मराठीत बोललेलं तिला सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं, आणि रागावली की महापात्रबाईंचा ओडिया शब्द. ही पोट्टी एक दिवस एखाद्या एक्काला घेऊन येईल याची तयारी त्या जिन्यानं कधीचीच करून ठेवली होती. आई-बापांनाच उशिरा कळलं. आता म्हातारे डॉक्टर गेले, मुलाला वरच्या मजल्यावर मशिनी लावायच्या होत्या. त्यानं दोन महिने दिले, नीट बोलून दिले. त्याच्यावरही रागावता येत नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी. अर्चनानं हे कधी तपासून पाहिलं नव्हतं, जसं आपण आपलं नाव तपासून पाहत नाही. शिवाय या वेळी नुसत्या रीतीचा प्रश्न नव्हता. अंबिकापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वार खाली आहे, आठव्या महिन्यात रायपूरला जाऊन राहा, मोठ्या हॉस्पिटलच्या जवळ. स्वरदा स्वतः नर्स. तिनं हे फोनवर इतक्या सहज सांगितलं की अर्चनानं तिला तेच पुन्हा सांगायला लावलं. म्हणजे घर हवं होतं ते तिच्यासाठीच. आणि मिळालं ते ती नाही असं सांगून. हा हिशेब अर्चनानं कितीदा मांडला तरी तो तसाच यायचा.

‘आई, घर मिला?’ त्या संध्याकाळी स्वरदानं विचारलं. ‘मिळालं. चौबे कॉलोनीत. आपलेच लोक आहेत.’ ‘आपले मतलब?’ ‘मराठी.’ ‘अच्छा,’ स्वरदा म्हणाली, आणि जरा थांबून, ‘अनूप आएगा तो चलेगा न?’ अर्चना म्हणाली, ‘न चालाले काय झालं?’ हे तिनं न अडखळता म्हटलं. नवऱ्याला नावं ठेवायची सोय तेवढ्यानं संपली.

नव्या घरात सामान लावताना स्वरदाचा लग्नाचा फोटो तिच्या हाती आला. कोर्टातलं लग्न, प्रतापनं त्याचा एकुलता एक कोट घातलेला, अनूपची आई लाल काठाच्या पांढऱ्या साडीत, सगळे उन्हात डोळे बारीक केलेले. त्याच्या पुढच्या आठवड्यात जशपूरकडे जेवण होतं. दोघं जरा दबूनच गेली होती. पण अनूपच्या आईनं अंगणातच अर्चनाच्या हातावर पाणी घातलं, पानांच्या पत्रावळीवर भात वाढला आणि मांदराचा ढोल वाजू लागला तेव्हा प्रतापला हाताला धरून नाचणाऱ्यांच्या ओळीत ओढलं. प्रताप! लेझमीतसुद्धा ज्याचा पाय चुकायचा तो माणूस, दोन अनोळखी माणसांच्या कमरेत हात गुंफून अर्धा तास मागे-पुढे होत राहिला आणि परतताना बसमध्ये म्हणाला, ‘चांगले लोक आहेत गं. आपणच उगाच दोन वर्षं तोंड फुगवून बसलो.’ त्याच माणसानं ‘नाही’ म्हटलं होतं. लाज वाटून म्हटलं असतं तर अर्चनाला भांडता आलं असतं. तिनं फोटो साड्यांच्या घडीत, खालून तिसऱ्या साडीत ठेवला. ठेव म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पोलीस ठाण्याचा किरायेदारांचा फॉर्म प्रतापनं जेवणाच्या टेबलावर बसून भरला. सदस्यांच्या रकान्यात दोन नावं लिहिली आणि पेन तसंच धरून ठेवलं. ‘ती आली की काय सांगायचं?’ अर्चनानं विचारलं. ‘भाची आहे म्हणू.’ ‘भाची बाळंतपणाला मामीकडं येते काय जी?’ त्यानं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, ‘पाहू.’ पाहू हा त्याचा लाडका शब्द. लग्न झाल्यापासून त्यांच्या घरात जे जे झालं ते आधी पाहू होतं. अर्चनाला वाटलं, थकलेली माणसं खोटं बोलत नाहीत, ती फक्त खरं पुढे ढकलतात. आणि मग तिला स्वतःच्या या समजूतदारपणाचाच वीट आला.

शांताबाई वाईट असत्या तर बरं झालं असतं. त्या वाटीमागून वाटी पाठवत. कधी झुणका, कधी गोळाभात, वर निरोप, ‘एकटं वाटू देऊ नका.’ जिन्यात भेटल्या की अर्चनाच्या पाठीवर हात ठेवत. एकदा म्हणाल्या, ‘आमच्या भार्गवलेच आपला समजा.’ भार्गव त्यांचा मुलगा, सरकारी कचेरीत. त्याची बायको ईरा पुण्याची, नोकरीनं नव्या रायपुरात आलेली. ईराला सातवा लागला होता. ती ऑफिसातून येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायची, चपला काढून पावलं दाबायची, आणि अर्चनाचे डोळे त्या सुजलेल्या पावलांवर खिळायचे. स्वरदाची पावलं सुजली असतील का? रात्रपाळीत तिला बसायला मिळत असेल का? ‘काकू, तुमचं मराठी ऐकायला गोड वाटतं, अर्धं हिंदीच आहे,’ ईरा हसून म्हणायची. अर्चनाही हसायची. पोरीनं पायाखाली उशी घेऊन झोपावं, मीठ कमी खावं, असं तिच्या ओठांवर यायचं आणि ती ते गिळायची. मूल नसलेल्या बाईला हे कुठून ठाऊक असणार, असं कुणी विचारलं तर? भीती ही अशी बारीकसारीक गोष्टींत शिरली होती. स्वयंपाकघरात फोन आला तरी ती दार लोटून घ्यायची.

गुरुवारी ईराचं डोहाळजेवण होतं. अर्चना सकाळपासून खाली राबत होती. तिनं पुऱ्या लाटल्या, झोपाळ्याला झेंडूच्या माळा बांधल्या, पाहुण्यांच्या चपला एका कडेला लावल्या. काम करताना तिला पुष्कळ दिवसांनी बरं वाटत होतं. मनातल्या मनात ती स्वरदासाठीच हे सगळं करून पाहत होती. स्वरदाचं डोहाळजेवण झालंच नव्हतं. ती वीस दिवसांनी इथं आली की वरच्या खोलीत, चार बायका बोलावून का होईना, करायचं, हिरवी साडी घ्यायची, असं अर्चनानं ठरवून टाकलं होतं. कोणत्या चार बायका, हे ठरवलं नव्हतं. दुपारी बायका जमल्या, ईरा फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली, गाणी झाली, पेढा की बर्फी झालं. मग ओटी. वयानं मोठ्या बायका एकेक करून पुढे होऊ लागल्या. अर्चनाही उठली. तिनं नारळ उचलला, ओंजळीत तांदूळ घेतले आणि पाळी आली तशी पुढे झाली. तेवढ्यात शांताबाईंनी तिचं मनगट धरलं. अगदी हळू धरलं.

‘अर्चनाताई, तुम्ही राहू द्या,’ त्या कानाशी म्हणाल्या. ‘ओटी लेकुरवाळ्या बायका भरतात न आपल्यात. मनाले लावून घेऊ नका. तुम्ही गजरे वाटा.’

त्यांनी ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून इतकी काळजी घेतली होती की अर्चनाला रडू यावं. हातातला नारळ जड झाला. तीस तास ती सरकारी दवाखान्याच्या त्या लोखंडी खाटेवर तळमळली होती, तिच्या पायाशी प्रताप उभा होता आणि नर्स त्याला बाहेर हाकलत होती. मग पहाटे ते लाल, चिडलेलं, मुठी वळलेलं पोर तिच्या छातीवर ठेवलं गेलं आणि तिला दूधच येईना. तीन दिवस येईना. चौथ्या दिवशी आलं तेव्हा ब्लाउज, चादर, सगळं भिजलं आणि ती हसत सुटली. शरीर काही विसरत नाही. आता पंचावन्नाव्या वर्षी, परक्याच्या बैठकीत उभ्या उभ्या, तिला छातीत तीच कळ आली. या बाईनं आपल्याकडून काहीही काढून घेतलेलं नाही. जे गेलं ते आपण चहाबरोबर देऊन टाकलं होतं. एक पाऊल मागे व्हायचं, गजऱ्यांचं तबक उचलायचं, एवढंच काम होतं. घर राहिलं असतं. पण पाऊल मागे जाईना. तिला शौर्याचं काही वाटत नव्हतं. फक्त आणखी एकदा ‘नाही’ म्हणण्याइतका दम आता तिच्यातही उरला नव्हता.

‘मले मुलगी आहे,’ ती म्हणाली.

शांताबाईंना कळलं नाही. ‘काय?’

‘मुलगी आहे मले. स्वरदा. अंबिकापूरले नर्स आहे, आठवा लागून राहिला तिले. वार खाली आहे म्हणून इथं आणायची आहे. जावई मास्तर आहेत, अनूप एक्का. जशपूरचे, उरांव आदिवासी. चर्चमध्ये जातात. सासू लय चांगली आहे तिची.’ पुढचा प्रश्न कुणाला विचारावाच लागू नये म्हणून ती सगळी उत्तरं एका दमात देऊन मोकळी झाली. गाणं म्हणणारी बाई मध्येच थांबली. कुणाच्या तरी मोबाईलवर चित्रण चालूच होतं, तेही घाईनं बंद झालं.

‘मग त्या दिवशी नाही काहून म्हटलं?’ शांताबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना लागलं होतं. ‘मी रोज तुमच्यासाठी देवाजवळ… काहून असं?’

‘थकलो होतो जी आम्ही,’ अर्चना म्हणाली.

शांताबाईंनी मनगट सोडलं. परवानगी दिली, की नुसता हात सुटला, हे अर्चनाला कधीच कळणार नव्हतं. ईरानं पदर पसरलेलाच होता. तिनं तो मागे घेतला नाही, आणि वर पाहिलंही नाही. अर्चनानं तिची ओटी भरली. ओंजळ पाचदा रिकामी केली, नारळ ठेवला, कुंकू लावलं. इतरांना केला तसाच ईरानं तिलाही वाकून नमस्कार केला. गजरे मग दुसऱ्याच कुणीतरी वाटले. अर्चना जिना चढून वर आली आणि न जेवता पलंगावर पडून राहिली.

दिवेलागणीच्या सुमाराला अनंतराव वर आले. प्रताप नुकताच उरल्याहून येऊन मोरीत हातपाय धूत होता. करडं पाणी त्याच्या पायांवरून वाहत होतं. अनंतराव बसले नाहीत. ‘हे पाहा प्रतापराव,’ ते म्हणाले, ‘मी जातपात, धर्म काही मानणारा माणूस नाही. पण तुम्ही माझ्या घरात बसून खोटं बोलले. ते लागलं मले. महिनाअखेर खोली खाली करून द्या.’ प्रतापनं ओले हात तसेच जोडले. ‘चूक झाली,’ तो म्हणाला, आणि ती झालीच होती. अर्चना पलंगावर उठून बसली. ‘एक विचारू जी?’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर दिलं असतं घर?’ अनंतरावांनी दाराची कडी उगाच वरखाली केली. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते, त्यामुळे त्यांना वेळ लागला. ‘आता त्या जर-तरले काही अर्थ आहे का?’ असं म्हणून ते खाली उतरले. जिन्यात त्यांनी दिवा लावल्याचा आवाज आला.

प्रताप पलंगाच्या कडेवर येऊन बसला. तो चिडेल, बोललीस काहून म्हणेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं टॉवेलनं पायांची बोटं एकेक करून पुसली. मग म्हणाला, ‘मी बोलाले पाहिजे होतं ते.’ ती म्हणाली, ‘हव.’ दोघांच्याही डोळ्यांसमोर बहुधा तेच होतं: पुन्हा दलाल, पुन्हा जिने, पुन्हा सोफ्याच्या कडेवर बसून कौन लोग हो. बाराव्या घरानंतर तेरावं. अर्चनाला इतका शीण आला होता की तो आता दुखतही नव्हता. तिनं कपाट उघडलं, साड्यांमधला फोटो काढून टेबलावर उभा केला, फोन हातात घेतला आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच दार न लोटता मुलीला लावला.

‘आई, मैं ही लगाने वाली थी,’ स्वरदा म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. अनूप काहीतरी विचारत होता. ‘अठ्ठाईस की टिकट मिल रही है, निकाल लें? दोनों की? और वो एड्रेस भेज दो न, अनूप को ऑटोवाले को बताना पडेगा.’

‘दोघांचीही काढा,’ अर्चना म्हणाली. ‘तू ये तर खरी, बेटा. पत्ता मागाहून सांगते.’